आठ सह्या

सकाळचे नऊ वाजत आले होते. महाविद्यालयाच्या तळमजल्यावरच्या लांब बोळात, पाठीवर दप्तर आणि छातीवर 'गट चार' असा हिरवा बिल्ला लावलेली एक मुलगी त्याच्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "तुम्हीच ना दगडांचे सर?" तो हसला. पोरं आपल्याला पाठीमागे दगडोबा म्हणतात हे त्याला तीस वर्षांपासून ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला मनातल्या मनात थोडा अभिमानच होता. "मीच तो," तो म्हणाला. "मग बरोबर. माझा दादा तुमच्याकडे होता शिकायला. तो म्हणाला, सर बोलायला लागले की कान देऊन ऐक, इतकं सुंदर कुणी सांगत नाही. पण चिठ्ठी भरू नकोस." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. शेजारणीनं सांगितलेला निरोप पोचवावा तसा तिनं तो पोचवला, वर "आमचा गट तुमच्याकडे शेवटी आहे, साडेअकराला" असं आनंदानं सांगितलं, आणि वाट दाखवणाऱ्या मुलाची हाक आली तशी पळत आपल्या गटात मिसळली. तो तिथेच उभा राहिला. हातातला खडूचा डबा त्यानं उगाच या हातातून त्या हातात घेतला. मग जिना चढायला लागला, आणि पहिल्याच वळणावर त्याच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या मोजतोय. लहानपणी शिक्षा व्हायची असली की तो अशाच पायऱ्या मोजायचा.

वर्षातून एकदा हा परिचयाचा दिवस यायचा. शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं महाविद्यालय बघायला यायची, गटागटानं एकेका विभागात वीस-वीस मिनिटं बसायची. मुख्य विषय म्हणजे काय, जोडविषय कशाला म्हणायचं, पहिल्या वर्षी काय शिकवतात, तिसऱ्या वर्षी काय, प्रयोग किती, फिरती किती, हे त्यांना समजावून सांगायचं, आणि शेवटी ज्याला जो विषय आवडला त्यानं पसंतीची चिठ्ठी भरून दारातल्या डब्यात टाकायची. इतर विभागांना या चिठ्ठ्यांचं काही वाटत नसे. त्याच्या विभागाला यंदा कार्यालयातून दोन ओळींचं पत्र आलं होतं. भूशास्त्राच्या बारा चिठ्ठ्या जमल्या तर पुढच्या वर्षाचा वर्ग भरेल, नाहीतर भरणार नाही. वर्ग भरणार नाही याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. खोली दुसऱ्या कुणाला तरी लागतच होती.

प्रयोगशाळेत सहायक टेबलावर दगड मांडून त्यांना ओल्या स्पंजानं पुसत होता. ही त्याची दरवर्षीची पद्धत. कोरडा दगड म्हणजे करडा गोळा. पाण्याचा हात फिरला की त्याच दगडात हिरवं, जांभळं, माशाच्या खवल्यासारखं चमकणारं काय काय वर येतं. अर्ध्या तासात तो पुन्हा वाळतो, पण तोवर गट पुढे गेलेला असतो. "या सर," सहायक म्हणाला, "नवरदेवांच्या आंघोळी चालल्यात. तुमचा लाडका तेवढा तुम्हीच काढा, मी हात लावत नाही." लाडका म्हणजे कपाटाच्या सर्वांत खालच्या खणातला तो मोठा जीवाश्म. मेंढ्याच्या शिंगासारखा स्वतःभोवती गुंडाळत गेलेला, ताटाएवढा, कडेला फासळ्या उमटलेला समुद्री जीव, जो कुठल्याशा आटलेल्या पाण्याच्या तळाशी मेला आणि दगड झाला. तो हातात घेतला की त्याच्या जिभेला धार यायची. त्यानं खण ओढला, जीवाश्म उचलला, आणि दरवर्षी करायचा तसाच लगेच पायानं खण लोटून दिला. खणात अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राखाली काय आहे हे बघायचं नसतं, एवढं त्याच्या पायालाही सवयीनं कळत होतं. "काय झालं सर? चेहरा असा का?" "काही नाही रे. पायऱ्या." "आता पायऱ्या जड जाणारच. मला तर या दगडांपेक्षा मीच जुना वाटतो कधीकधी."

विभागप्रमुख आत आली. ती त्याचीच विद्यार्थिनी; मुलांसमोर तो तिला मॅडम म्हणायचा आणि दार लागलं की अगं. "सर, बारा," ती म्हणाली. "अकरा नाहीत चालणार. तुम्ही फक्त बोला, नेहमीसारखं. डब्याजवळ मी उभी राहते." "अगं, ती चांदणी..." तो म्हणाला. "कुठली चांदणी?" तिला कळलं होतं. माहितीपुस्तिकेत तिसऱ्या वर्षाच्या विषयांत 'जीवाश्मशास्त्र' हे नाव होतं आणि त्याच्या डोक्यावर बारीक चांदणी. पानाच्या तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात छापलेलं होतं, किमान आठ विद्यार्थ्यांनी लेखी मागणी केल्यास. जीवाश्मशास्त्र शिकवणाऱ्या बाई नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. विषय पुस्तिकेत राहिला, कारण काढायचा तर तीन समित्यांपुढे न्यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर मुलं त्याच्यासाठीच यायची. "सर, कृपा करा, आज नको," ती हळू म्हणाली. "तिसऱ्या वर्षापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही."

पहिला गट आला, बसला, खाकरला, आणि तो बोलू लागला. बोलणं त्याला कधीच शोधावं लागलं नाही. पहिल्या वर्षी खनिजं, तो म्हणाला. दगड हातात घेऊन त्याचा स्वभाव ओळखायचा, नखानं ओरखडा उठतो का, पोलादानं उठतो का. दुसऱ्या वर्षी नकाशे. कागदावरच्या वाकड्या रेघांमधून डोंगराचं पोट कसं दिसतं ते. पातळ काप; दगड घासून घासून इतका पातळ करायचा की त्याच्यातून उजेड आरपार जावा. मुलं विचारत होती आणि तो सांगत होता. "गणित असतं का सर?" "असतं, पण चावत नाही." "फिरतीला मुलींना नेतात का?" "गेल्या वर्षी सगळ्यांत मोठा हातोडा एका मुलीकडे होता आणि मी तिच्या मागे चालत होतो." "नोकरी लागते का?" "माझे विद्यार्थी धरणांवर आहेत, बोगद्यांवर आहेत. एक तर तुमच्यासमोर डबा घेऊन उभी आहे." हशा पिकला. मग त्यानं तो गुंडाळलेला जीव उचलून पुढच्या बाकावर दिला, आणि तो हातोहात फिरू लागला. दरवर्षी या क्षणी खोलीत जी शांतता उतरायची ती आजही उतरली. "हा जिवंत होता," तो म्हणाला. "तुमच्या हातात आहे तो पोहत होता. याचं घर वाढायचं, हा जुन्या खोलीतून नव्या खोलीत जायचा आणि मागचं दार लावून घ्यायचा. तिसऱ्या वर्षी तुम्ही याच्याशी बोलायला शिकाल." डब्यात चार चिठ्ठ्या पडल्या. दुसऱ्या गटानंतर सहा झाल्या, तिसऱ्यानंतर नऊ. विभागप्रमुखानं दारातून नऊ बोटं वर करून दाखवली आणि तो तिच्याकडे न बघता टेबलावरचे दगड सरळ करत राहिला.

कारण एव्हाना त्याला तो मुलगा, 'चिठ्ठी भरू नकोस' म्हणणारा दादा, आठवला होता. खरं म्हणजे तो पायऱ्यांवरच आठवला होता, फक्त त्याला आत घ्यायला मन तयार नव्हतं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. उंच, जरा पोक काढून चालणारा, वहीच्या कडेला शंख काढत बसणारा. तिसरं वर्ष सुरू झालं तसा तो येऊन म्हणाला, "सर, जीवाश्मशास्त्र कधीपासून?" यानं सांगितलं, आठ सह्या हव्यात, वर्गात तर तुम्ही अकराच, आणि बाकीच्यांना खाणकाम हवंय. याला वाटलं, विषय मिटला. मुलगा सह्या गोळा करायला निघाला. वसतिगृहाच्या खोल्या, खानावळीची रांग, खेळाचं मैदान, एकेकाला गाठून तो समजावत होता की याच्यात काय गंमत आहे. आणि समजावताना शब्द कुणाचे वापरत होता, तर सरांचेच. जुन्या खोलीतून नव्या खोलीत, मागचं दार लावून. पाच झाल्या, सहा झाल्या, सातावर पंधरा दिवस अडला. एका दुपारी तो धापा टाकत प्रयोगशाळेत आला आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "आठ झाल्या सर." आठवी सही शाईनं लडबडलेली होती, कुणाची तरी पाठ टेबल म्हणून वापरली असावी. तो कागद घेऊन हा किती वेळ बसला? फार नाही. शिकवायला माणूस नव्हता. कार्यालयात कागद दिला असता तर चौकशी झाली असती, की शिकवणारा नाही तर विषय छापता कसा, आणि मग चांदणीही गेली असती, आणि चांदणीच्या मागून पोरंही गेली असती. हा म्हणाला, "अरे, उशीर झाला. तारीख उलटून गेली." तारखेला अजून दोन दिवस बाकी होते. मुलानं मान हलवली. भांडला नाही, एवढंच म्हणाला, "काल आलो असतो तर?" आणि यानं उत्तर दिलं, "काल आला असतास तर झालं असतं." आजपर्यंतच्या सगळ्या बोलण्यात त्याला या एका वाक्याची सर्वांत जास्त लाज वाटत होती. खोटं तर बोललोच, पण त्याचं ओझंही त्या पोराच्याच खांद्यावर ठेवलं. मुलगा शेवटच्या सत्रात दिसेनासा झाला. हजेरीच्या वहीत यानं स्वतःच्या हातानं त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं होतं, परीक्षेच्या दिवशीही.

चौथा गट यायला अजून दहा मिनिटं होती. सहायक स्पंज पिळून पुन्हा दगडांवरून फिरवत होता, पाण्याचे थेंब टेबलाच्या कडेवरून टपटपत होते, आणि त्या आवाजात त्याला वडिलांची बोटं ऐकू आली. वडील दिवसभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, प्रार्थनेच्या सभागृहात गाऊन निरूपण करत. सुरुवातीला ते नुसते बोटांनी पेटीवर ठेका धरायचे. आवाज मोठा नव्हता, पण त्यात ओल होती. एक ओळ गायची, थांबून तिचा अर्थ सांगायचा, मग तीच ओळ पुन्हा गायची. आणि दुसऱ्या वेळी ती वेगळीच लागायची, जणू मधल्या वेळात कुणी तिच्यात दिवा ठेवून गेलंय. ज्यानं ते ऐकलं त्याला देव आहे की नाही हा प्रश्न त्या संध्याकाळपुरता तरी पडत नसे. सुरू करण्याआधी ते पुढच्या ओळीत बसलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणायचे, "हा माझा साक्षीदार. मी स्वतः न केलेलं काही तुम्हाला करायला सांगितलं, तर यानं हात वर करायचा. देवाला सगळीकडे बघायचं असतं, म्हणून माझ्यापुरता याला नेमलाय." लोक हसायचे. तो नऊ वर्षांचा होता आणि ते काम त्याला फार मोठं वाटायचं.

एका संध्याकाळी वडील भावाभावांनी एकमेकांना पोटाशी धरण्याविषयी गात होते. गात काय होते, सभागृहातल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि काका दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. आजीच्या शेवटच्या दुखण्यात कोण किती रात्री जागलं यावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं, याच्या जन्माच्याही आधी. त्यानं हात वर केला. त्यात शौर्य नव्हतं. नेमून दिलेलं काम होतं, ते त्यानं केलं. वडील थांबले. पेटीवाल्यानं पुढचा सूर धरला होता, तो तसाच लोंबकळत राहिला. सभागृहात दिव्यावर आपटणारा किडा ऐकू येत होता. वडील म्हणाले, "बरोबर आहे," आणि पोथी मिटली. घरी आई म्हणाली, "चारचौघांत बापाची अब्रू घेतलीस." वडील दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवून, हाताला धरून काकाच्या दारात घेऊन गेले. कडी वाजवली. पडदा हलला, पडद्याआड काकूचं बोट दिसलं, आणि पडदा सरळ झाला. ते उभे राहिले. दूधवाला येऊन गेला, शेजारी कामाला निघाले, उजाडलं, ऊन पायांवर आलं. दार काही उघडलं नाही. परतताना वडील एवढंच म्हणाले, "पाय दुखले रे." पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा लोकांसमोर बोट दाखवलं, हा माझा साक्षीदार, आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. निरूपण संपेपर्यंत हातांना मुंग्या आल्या. त्यानंतर वडील वारले तोपर्यंत, आणि नंतरही, विभागाच्या बैठकांत, चांदणीचा विषय निघाला तेव्हा, तो असाच हातांवर बसून राहिला होता.

तो उठला, कपाटापाशी गेला आणि खालचा खण ओढला. वर्तमानपत्राच्या घडीखाली कागद होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वर सुबक अक्षरात मागणी लिहिलेली, खाली आठ सह्या, पहिली त्या मुलाची, आठवी लडबडलेली. घडी घालून तो त्यानं खिशात ठेवला, वर्तमानपत्र कचऱ्यात टाकलं. "काय सापडलं सर?" "जुना कागद." "उंदरांनी सोडला? नवलच आहे."

चौथा गट तीस मुलांचा होता. हिरव्या बिल्ल्यांची गर्दी बाकांवर दाटीनं बसली आणि ती मुलगी नेमकी पुढच्या ओळीत, वही उघडून. दारात विभागप्रमुख तीन बोटं दाखवून गेली. तो बोलू लागला. शब्द आले, सगळे आपापल्या जागी आले. पहिल्या वर्षी खनिजं, दुसऱ्या वर्षी नकाशे, गणित चावत नाही, हातोडा मुलीकडे. पण आज तो स्वतःचा आवाज बाहेरून ऐकत होता आणि तो त्याला त्या टेबलावरच्या दगडांसारखा वाटत होता, आत्ताच पाण्याचा हात फिरलेला. जीवाश्म फिरू लागला. शांतता उतरली. "तिसऱ्या वर्षी," तो म्हणाला, आणि त्या मुलीनं हात वर केला.

तिला काही साधं विचारायचं असेल. पण त्या वर गेलेल्या हाताकडे बघताना त्याच्या तळव्यांना, मांड्यांखाली दाबल्यासारख्या, मुंग्या आल्या. "विचार," तो म्हणाला. तिनं फोन काढून पुढे धरला. "सर, हे दादानं दिलंय. तो फरशीच्या कारखान्यात दगड कापतो. मोठे ठोकळे असतात, त्यांच्या लाद्या पाडतात. कापताना मध्येच असं काहीतरी निघतं. मग तो यंत्र बंद करतो आणि बघत बसतो. मालक शिव्या देतो त्याला." मुलं हसली, तीही हसली. "त्यानं विचारलंय, हे काय आहे? आणि कुठल्या बाजूनं कापलं तर ते अख्खं राहील? त्याच्याकडून प्रत्येक वेळी मधोमध कापलं जातं."

करड्या लादीत पांढरा आकार होता. घोड्याच्या नालासारखा, नालात दुसरा नाल, आणि दोघांच्या मध्ये बारीक जाळी. त्यानं चष्मा वर केला, फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. त्याचा स्वतःचा अभ्यास अग्निज खडकांचा. वितळलेला दगड थंड होतो तेव्हा त्यात कसलाच जीव उरलेला नसतो. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एका कापावरून नाव सांगू नकोस, तीन बाजूंनी बघ. आणि मग तीन बाजू म्हणजे कोणत्या ते दाखवलं असतं. हा एक तास बाई घ्यायच्या. त्या आठ सह्या पुढे गेल्या असत्या तर कदाचित तो झाला असता. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे बघून सांगाल?" "नाही. मला येत नाही हे." त्यानं फोन परत दिला आणि टेबलाची ओली कड धरली. "आत्ता मी तिसऱ्या वर्षाचं सांगणार होतो. पुस्तिकेत त्या विषयावर एक चांदणी आहे, बघा. तो विषय इथे नऊ वर्षांत शिकवलेला नाही. शिकवणारं कुणी नाही. सह्या जमल्या तरी नाही." पाठीमागून एक मुलगा म्हणाला, "मग छापलाय कशाला?" "तुम्ही यावं म्हणून," तो म्हणाला. हे वाक्य इतकं सरळ निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कुणी हसलं नाही. जीवाश्म ज्या मुलाच्या हातात होता त्यानं तो हळूच बाकावर ठेवला, जणू आपण दुसऱ्याची वस्तू घेतली होती. मुलीनं विचारलं, "मग खरं काय शिकवता सर?" त्यानं खरं ते सांगितलं. लाव्हा, स्फटिक, धरणाच्या पायाला कुठला खडक चालतो आणि कुठला नाही. नीट सांगितलं, पण आवाजात ओल नव्हती. समोरचे दगड वाळून करडे झाले होते, आणि सहायक स्पंज हातात धरून भिंतीशी उभा होता.

मुलं उठली. सगळी डब्यावरून नुसती गेली. ती मुलगी मागे राहिली, अवघडून, चूक आपल्या हातून झाल्यासारखी. "मी उगाच विचारलं का?" "नाही गं. तू फार बरोबर विचारलंस. तुझा दादा कुठे कामाला आहे, तेवढं लिहून दे." तिच्या हातात कोरी चिठ्ठी होती, पसंतीचा विषय लिहायची. तिनं ती उलटी केली आणि पाठीवर कारखान्याचा रस्ता लिहिला. टाकीच्या मागे, लोखंडी फाटक, पाच वाजेपर्यंत. "तो बोलेल की नाही माहीत नाही हं," ती म्हणाली. "आमच्याशी पण कमीच बोलतो. कान बसलेत त्याचे त्या आवाजानं."

विभागप्रमुखानं दार लावून घेतलं. डबा टेबलावर पालथा केला आणि चिठ्ठ्या मोजल्या, जरी दोघांनाही ठाऊक होतं. "नऊ. सर, नऊ." "त्या नऊ जणांना पण कळवायला हवं," तो म्हणाला. "त्यांना मी सकाळी खोटं सांगितलंय." "कळवा ना. सगळ्यांना कळवा. छापून लावा." ती खुर्चीवर बसली आणि तिनं चष्मा काढला, बिनचष्म्याची ती एकदम पहिल्या वर्षातली दिसली. "तुमची दोन वर्षं राहिलीत सर. माझी एकोणीस. यांची," तिनं सहायकाकडे मान केली, "अकरा. एवढं सगळं मनात होतं तर मला आधी सांगायचंत, मी दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं." आपण मोकळे झालो आणि ते ओझं दुसऱ्यांच्या डोक्यावर गेलं, हे त्याला दिसत होतं, आणि तरीही बोललेलं परत घ्यावं असं वाटत नव्हतं. "अगं," तो म्हणाला, आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करून डब्यात भरू लागला. "जा तुम्ही," ती म्हणाली. रागात नव्हे, दमून. सहायकानं जीवाश्म उचलला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि खणापाशी नेला. "नुसतंच ठेवू का, की खाली काही अंथरू?" त्यानं विचारलं.

कारखाना पाण्याच्या टाकीमागे होता. दोन बस बदलून, मग चालत. आवाज दुरूनच यायला लागला, दाताच्या मुळात शिरणारा, एका सुरात चाललेला, आणि फाटकाशी पोचेपर्यंत त्या आवाजाशिवाय जगात दुसरं काही उरलं नाही. रस्त्याच्या कडेनं दुधासारखं पांढरं पाणी वाहत होतं, दगडाच्या पिठाचं. झाडांची पानं, तारा, फाटकावरची पाटी, सगळ्यांवर तेच पीठ. पत्र्याच्या छपराखाली माणसं चालत होती, तीही पांढरीच. रखवालदारानं कानाशी हात नेऊन विचारलं, "कोण पाहिजे?" आणि त्याच्या लक्षात आलं की तीस वर्षांत हजारदा हाकारलेल्या नावांत ते एक नाव त्याला नेमक्या वेळी आठवत नव्हतं. त्यानं खिशातून कागद काढला, उलगडला आणि पहिल्या सहीवर बोट ठेवलं. रखवालदारानं ती सही डोळे बारीक करून वाचली, "हां, तो होय," म्हणाला, आणि आत तोंड करून हाक मारली. हाक यंत्राच्या आवाजात बुडाली. त्यानं पुन्हा मारली, मग एक खडा उचलून पत्र्यावर फेकला.

यंत्र थांबलं.

इतकी शांतता झाली की पाणी ठिबकताना ऐकू आलं. छपराखाली, ठोकळ्याच्या पलीकडे, एक उंच, पोक काढलेला माणूस सरळ झाला. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सारला. पिठानं भरलेल्या चेहऱ्यात डोळ्यांपुरत्या दोन जागा स्वच्छ होत्या. तो फाटकाकडे बघत राहिला. ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ओळखलं असावं, कारण त्याची नजर चेहऱ्यावरून कागदावर आली आणि कागदावर थांबली. रखवालदार म्हणाला, "बोला की, काय ते." एवढी वर्षं जे शब्द हाक मारल्याबरोबर धावत यायचे, त्यांतला एकही आला नाही. तारीख उलटली नव्हती, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. त्याचा कागद धरलेला हात वर गेला, खांद्याच्याही वर, पुढच्या ओळीत बसलेल्या पोरासारखा, आणि तिथेच राहिला.

आतल्या माणसानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. वाकला. यंत्र सुरू झालं. पातं दगडात शिरलं आणि पांढरं पाणी पुन्हा फाटकाखालून वाहू लागलं. "पाचला सुटतात सगळे," रखवालदार त्याच्या कानाशी ओरडला, "तवर बसा पाहिजे तर." स्टूल होतं. तो बसला नाही. तीन वाजून गेले होते, ऊन बुटांवर आलं होतं, वर धरलेल्या हातावर आणि कागदावर हळूहळू पीठ बसत होतं. पाय दुखायला लागले होते.